साइटचा डेटा सिंक करण्याआधी: एका आकड्याला एकच मालक

साइटवर मुकादम सांगतो, "पाचव्या मजल्याचा स्लॅब झाला." ऑफिसातल्या वेळापत्रकात तोच स्लॅब ९५ टक्के दिसतो. स्टोअरच्या हिशेबात त्याचं काँक्रीट १०४ टक्के खर्च झालेलं असतं आणि बिलात तो अजून आलेलाच नसतो. चौघांच्या नोंदी आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मुकादमाला काँक्रीट टाकून झालं एवढंच म्हणायचं असतं, वेळापत्रकात शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, उतरवायचं बाकी असतं, स्टोअर माल आल्याच्या चलनावरचा आकडा धरतं आणि बिलासाठी मोजमाप व्हायचं राहिलेलं असतं.

मग प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर येतं, सगळं एकमेकांना जोडलं जातं, तरी मेळ बसत नाही आणि खापर इंटरनेटवर फुटतं. नेटवर्क गेलं तर नोंद उशिरा पोहोचते, एवढंच. नोंद चुकीची होते ती एकाच वस्तूला दोन नावं असल्यामुळे, किंवा एकाच आकड्यावर दोन ठिकाणांहून हात फिरत असल्यामुळे. म्हणून सिंकचं बटण दाबण्याआधी दोन गोष्टी कागदावर ठरल्या पाहिजेत: प्रत्येक वस्तूची न बदलणारी ओळख कोणती, आणि प्रत्येक आकड्याचा मालक कोण.

जागांची उतरंड आणि कोड

सगळ्यात आधी जागांची उतरंड उभी करा: इमारत, मजला, झोन आणि काँक्रीटचा टप्पा, म्हणजे साइटच्या भाषेत पोर. चार पातळ्या पुरतात. टाइल्स, रंग, दारं-खिडक्या यांना खोलीची पातळी लागते, ती फक्त त्या कामांपुरती नंतर उघडा. सुरुवातीलाच प्रत्येक खोली टाकली की फोनवरची यादी इतकी लांबते की सुपरवायझर वर दिसेल ती जागा निवडून पुढे जातो, आणि महिन्याभरात निम्म्या नोंदी पहिल्याच खोलीच्या नावावर जमा झालेल्या सापडतात. काम दिवसाच्या शेवटी ज्या पातळीवर मोजता येतं, तिथे थांबायचं.

रस्ता, कालवा, पाइपलाइन अशा लांबट कामांना ही उतरंड चालत नाही. तिथे चेनेज, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर लागतं, आणि ते '१२+३५०' असं मजकूर म्हणून ठेवू नका. 'पासून' आणि 'पर्यंत' अशी दोन आकडी फील्ड करून मीटरमध्ये १२३५० लिहा. दिसायला अधिक चिन्ह हवं असेल तर ते रिपोर्टमध्ये येऊ द्या. मजकूर म्हणून ठेवलेल्या चेनेजची वजाबाकी होत नाही, आणि दोन नोंदी एकमेकींवर चढल्या आहेत का हेही तपासता येत नाही. डावी बाजू, उजवी बाजू आणि थर ही वेगळी फील्ड.

आता कोड. इमारत २, मजला ५, स्लॅब, पोर १ याचा कोड बी२-एल०५-एसएलबी-पी१ असा करता येईल. सॉफ्टवेअरमध्ये तो रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (0 ते 9) ठेवा. देवनागरी अंक बऱ्याच सॉफ्टवेअरना आकडा म्हणून कळत नाहीत, त्यामुळे क्रमवारी आणि शोध दोन्ही बिघडतात. नावाचं फील्ड खुशाल मराठीत ठेवा, पण जुळणी कधीही नावावर करू नका.

त्याचं एक कारण जवळून पाहण्यासारखं आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, स्वतंत्र अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी. काही कीबोर्ड याच जागी साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर तिन्ही 'दुसऱ्या' सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. एका इंजिनिअरने लॅपटॉपवर 'दुसऱ्या मजल्याचा स्लॅब' लिहिलं आणि दुसऱ्याने फोनवर तेच लिहिलं की जुळणी फसते. सॉफ्टवेअर निमूटपणे नवी जागा तयार करतं आणि एका मजल्याचे दोन मजले होतात. कोडवर जुळणी केली की हा प्रश्नच उरत नाही.

एक्सेलचा फटका वेगळा. '०५' चा तो '५' करतो. '३-४' असा कोड दिला तर तारीख करतो. '२ई३' सारखा कोड, म्हणजे अंक, रोमन ई, अंक, तो दोन हजार म्हणून वाचतो. सीएसव्ही फाइलवर, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर, दोनदा क्लिक करून ती उघडली आणि सेव्ह केली की हे बदल कायमचे होतात, जुन्या आवृत्त्या तर वर विचारतही नाहीत. फाइल 'डेटा' मेनूतून इम्पोर्ट करा आणि कोडचा कॉलम 'टेक्स्ट' म्हणून निवडा. मराठी नावं चौकोनात किंवा विचित्र चिन्हांत दिसली तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत उघडलेली नाही. अशी फाइल सेव्ह न करता बंद करा. तारीख सगळीकडे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ हा कुणाला ३ एप्रिल वाटतो, कुणाला ४ मार्च. १३ तारखेपासून पुढे चूक लगेच पकडली जाते, पण १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात. महिन्याच्या पूर्वार्धातल्याच नोंदी विखुरलेल्या दिसल्या तर पहिला संशय इथे घ्या.

कोडच्या मागेपुढे राहिलेली रिकामी जागा हाही नेहमीचाच त्रास. ट्रिम फंक्शन साधी जागा काढतं. वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून आलेली न तुटणारी जागा ते काढत नाही. ती 'सबस्टिट्यूट' वापरून वेगळी काढावी लागते.

इम्पोर्टचा क्रम महत्त्वाचा आहे. जागा, कामाचे प्रकार, एककं, कॅलेंडर, कंपन्या आणि माणसं, मग बीओक्यू (कामं आणि त्यांच्या परिमाणांची यादी), मग वेळापत्रक, सगळ्यात शेवटी रोजचे फॉर्म. आधी आई, मग मूल. बीओक्यूमध्ये उल्लेख असलेलं एकक आधी भरलेलं नसेल तर काही सॉफ्टवेअर ती ओळ नाकारतात. ते बरं. काही स्वतःहून नवं एकक बनवतात, आणि मग यादीत 'घ.मी.', 'घमी' आणि 'क्यूम' अशी एकाच एककाची तीन रूपं होतात. आपोआप नवं तयार करण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

एककं, वजनं आणि टक्के

प्रत्येक मालाला साठवणुकीचं एकच एकक द्या: काँक्रीट घनमीटर, सळई किलो, शटरिंग चौरस मीटर. वाळू-खडी ब्रासमध्ये येत असेल तर रूपांतर एकाच ठिकाणी, पावतीच्या वेळीच व्हावं: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. सळईसाठी व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागण्याचं सूत्र सगळे वापरतात; १२ मिमीला ते मीटरमागे ०.८८९ किलो देतं. घनता ७८५० धरून काढलं तर ०.८८८ येतं. फरक नगण्य वाटतो, पण १२ मीटरच्या हजार सळयांत तो सुमारे १३ किलोंचा होतो. ऑफिस एका सूत्राने आणि स्टोअर दुसऱ्याने चाललं की दर महिन्याला न सापडणारी तफावत राहते. कोणतंही एक सूत्र धरा, आणि आकडा शेवटच्या बेरजेनंतरच पूर्णांकात आणा.

टक्क्यांचं तसंच. 'किती झालं?' या प्रश्नाला साइटवरून अंदाजाने ८० असं उत्तर येऊ देऊ नका. स्लॅबचे टप्पे पाडून त्यांचं वजन आधी ठरवा: समजा शटरिंग ३५, सळई ३५, काँक्रीट २५, शटरिंग उतरवणं ५. सुपरवायझरने फक्त टप्पा पूर्ण झाल्याची खूण करायची, टक्का सॉफ्टवेअरने काढायचा. काँक्रीट टाकून झालेला स्लॅब मग आपोआप ९५ दाखवतो, आणि त्यावर वाद घालायला कुणाला जागा राहत नाही. वजनं कोणती हा प्रत्येक कामाचा प्रश्न आहे. ती मधेच बदलायची नाहीत, एवढं मात्र पाळा.

काँक्रीटसाठी तीन वेगळी फील्ड ठेवा: ड्रॉइंगप्रमाणे, चलनाप्रमाणे, बिलासाठी मोजलेलं. ड्रॉइंगवर ८६.४ घनमीटर आहे आणि ६ घनमीटरचे १५ ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीटच्या गाड्या) आले, म्हणजे चलनावर ९०. मधले ३.६ घनमीटर पंपाच्या पाइपात, शटरिंगच्या फुगवट्यात किंवा जाडी वाढण्यात गेले असतील. ते शोधायचं असेल तर दोन्ही आकडे जिवंत राहायला हवेत. एकाच 'क्वांटिटी' फील्डमध्ये तिघांनी लिहिलं की शेवटचा लिहिणारा आधीच्यांचं पुसतो.

आजचा आकडा की आजपर्यंतचा?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रोजच्या रिपोर्टमध्ये सुपरवायझर आजचं काम लिहितो: ४२.५ घनमीटर. वेळापत्रकाला आजपर्यंतचं एकूण हवं असतं. संध्याकाळी फोनने ४२.५ पाठवले, सर्व्हरने ते घेतले, पण 'मिळालं' हा निरोप परत येण्याआधी रेंज गेली. फोनच्या दृष्टीने नोंद गेलेलीच नाही, म्हणून रेंज येताच तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरवर ८५ होतात. ८६.४ पैकी ८५, म्हणजे स्लॅब जवळजवळ संपला. प्रत्यक्षात अर्धा स्लॅब दुसऱ्या दिवशी व्हायचा आहे.

उपाय असा की फॉर्म तयार होतो त्याच क्षणी फोनवरच त्याला जगात एकमेव असा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद करू नये. तयार सॉफ्टवेअर घेत असाल तर हे आधी करून पाहा: फॉर्म भरा, पाठवताना एअरप्लेन मोड लावा, काढा, पुन्हा लावा, पुन्हा काढा. असं पाच-सहा वेळा केल्यावर सर्व्हरवर एकच नोंद असेल तर पुढे चला. स्वतः एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधला दुवा) जोडत असाल तर बाहेरच्या क्रमांकासाठी वेगळं फील्ड ठेवा आणि 'असेल तर बदल, नसेल तर घाल' या पद्धतीने लिहा. वेळापत्रकाकडे जाताना रोजच्या नोंदींची बेरीज करून एकूण आकडा पाठवा. एकूण आकडा दहा वेळा गेला तरी तोच राहतो.

जुनी नोंद चुकली असेल तर ती खोडू नका. उलट नोंद घाला, उणे चिन्हासह, कारण लिहून. खोडलेली नोंद दुसऱ्या सिस्टीमपर्यंत पोहोचत नाही, कारण 'अमुक वेळेनंतर बदललेलं दे' असं विचारल्यावर जे उरलेलंच नाही ते उत्तरात येणार कुठून?

फोन, रेंज आणि मध्यरात्र

बेसमेंटमध्ये रेंज नसणार हे धरूनच चाला. ॲप नोंदी फोनवर रांगेत ठेवतं, म्हणजेच त्या नोंदींची एकमेव प्रत त्या फोनवर असते. तिथे चार गोष्टी घात करतात. लॉगआउट केल्यावर काही ॲप न गेलेली रांग पुसतात. 'क्लिअर कॅशे' बहुधा निरुपद्रवी असतं, पण त्याच्याच शेजारचं 'क्लिअर डेटा' सगळं घालवतं. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी तेच. आणि अँड्रॉइडची बॅटरी बचत मागे चालणारं सिंक झोपवते, म्हणून या ॲपला त्यातून सूट द्या. ॲप अडकलंय म्हणून फोन ऑफिसात आला तर आधी रांगेतला आकडा पाहा, मगच काही दाबा. शिफ्ट संपताना रांग शून्य झाल्याचं पाहूनच फोन चार्जिंगला लागला पाहिजे. हाजिरीइतकंच हे पक्कं करा.

फोटोंमुळे रांग तुंबते. एका फॉर्मला २० फोटो लावले की मजकुराचे काही केबी फोटोंच्या एमबीमागे अडकून बसतात. मजकूर आधी आणि फोटो वायफायवर अशी सेटिंग असेल तर ती लावा. नसेल तर फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा. सळईचं अंतर दाखवायला तेवढं पुरतं. मात्र व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पुराव्यासाठी वापरू नका. फोटो म्हणून पाठवताना वेळ आणि ठिकाणाची माहिती त्यातून निघून जाते.

एकच फॉर्म दोघांनी ऑफलाइन उघडला की बहुतेक ॲपमध्ये शेवटी पोहोचणारा जिंकतो. 'शेवटी' हे कधी सर्व्हरच्या घड्याळावर ठरतं, कधी फोनच्या, म्हणून फोनवर वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू हवी. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एका झोनचा, एका शिफ्टचा फॉर्म एकाच माणसाच्या नावावर. मजूर संख्या आणि काँक्रीट वेगवेगळे लोक भरत असतील तर फॉर्मही वेगळे करा.

रात्रीचं काँक्रीट ही खास अडचण. काम ८ वाजता सुरू झालं आणि पहाटे ३ ला संपलं तर तारीख कुठली? शिफ्ट सुरू झाल्याची तारीख कामाची तारीख म्हणून वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, नोंदीची वेळ वेगळी. सर्व्हर बहुधा वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, साठवतो. स्थानिक वेळ साडेपाच तास पुढे असेल तर पहाटे २ ची नोंद तिथे आदल्या दिवशीच्या २०:३० ला पडते. रिपोर्टने तीच तारीख सरळ उचलली तर पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद एक दिवस मागे दिसते. क्यूबच्या, म्हणजे काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांच्या, ७ आणि २८ दिवसांच्या चाचणीची तारीख यावरूनच निघते, आणि शटरिंग उतरवण्याचे दिवसही. म्हणून ही चूक फक्त कागदावरची समजू नका.

वेळापत्रक जोडताना

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडचा 'आयडी' हा फक्त ओळीचा क्रमांक आहे. वर एक ओळ घातली की खालचे सगळे सरकतात. त्यावर जुळणी केली तर एका दुपारीत प्लास्टरची प्रगती वीटकामावर जाते. 'युनिक आयडी' बरा, पण ओळ कट-पेस्ट केली की तोही नवा मिळतो. स्वतःचा कोड 'टेक्स्ट' फील्डमध्ये ठेवा आणि त्यावरच जोडा.

प्रिमावेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲक्टिव्हिटी आयडी ही कामाची ओळख. एक्सेलमधून प्रगती आत घेताना पहिल्या ओळीतली टास्क_कोडसारखी फील्डची नावं बदलू नका आणि निर्यात करताना आलेली यूजरडेटाची शीट काढू नका. दुसऱ्याकडून आलेली एक्सईआर, म्हणजे प्रिमावेराचीच, फाइल थेट चालू डेटाबेसमध्ये घेऊ नका. तिच्यासोबत त्यांची कॅलेंडरं, कोड आणि रिसोर्सही आत शिरतात. आधी रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडा, साफ करा, मग आणा.

साइटकडून वेळापत्रकात जाणाऱ्या गोष्टी मोजक्याच असाव्यात: प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट, झालेलं काम, उरलेले दिवस. कामांमधले दुवे, कॅलेंडर आणि नियोजित तारखा यांचा मालक प्लॅनर. डेटा डेटच्या, म्हणजे प्रगती ज्या तारखेपर्यंत मोजली तिच्या, पुढची 'प्रत्यक्ष' तारीख आली तर ओळ नाकारा. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याला, आठवड्याचे सातही दिवस चालणारं कॅलेंडर द्या. ते लॅग, म्हणजे दोन कामांमधलं थांबणं, म्हणून दिलं असेल तर तो लॅग कोणत्या कॅलेंडरवर मोजला जातो ते सेटिंग पाहा. सहा दिवसांच्या कॅलेंडरवर ७ दिवसांचं क्युरिंग ८ दिवसांचं होतं, कारण काँक्रीट सुट्टीच्या दिवशीही पक्कं होतं हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

ड्रॉइंगबद्दल थोडक्यात. ड्रॉइंग नंबर एक फील्ड, रिव्हिजन दुसरं. फाइलच्या नावात 'फायनल' किंवा 'नवीन' घातलं की सॉफ्टवेअर ते वेगळंच ड्रॉइंग समजतं आणि जुनं फोनवर तसंच राहतं. आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकात माहितीच्या चार अवस्था मांडल्या आहेत: काम चालू, सामायिक, प्रकाशित, संग्रहित. साइटच्या फोनवर फक्त प्रकाशित दिसू द्या. सकाळी रेंजमध्ये ड्रॉइंग सिंक झाल्याशिवाय खाली बेसमेंटमध्ये जायचं नाही, आणि सळई तपासण्याच्या फॉर्ममध्ये कोणत्या रिव्हिजनवर तपासलं ते सक्तीचं फील्ड ठेवा.

चालू केल्यावर

खऱ्या प्रोजेक्टवर पहिला प्रयोग नको. एक प्रत बनवा आणि मुद्दाम वाकड्या दहा ओळी पाठवा: शून्याने सुरू होणारा कोड, मराठी नाव, उणे संख्या, उद्याची तारीख, नसलेली जागा, दोनदा तीच नोंद. कोणती ओळ नाकारली गेली आणि का, हे लॉगमध्ये स्पष्ट दिसत नसेल तर जोडणी तयार नाही.

जोडणी कुणा इंजिनिअरच्या लॉगिनवर ठेवू नका. तो दुसऱ्या साइटवर गेला, पासवर्ड बदलला, की सिंक थांबतं आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. वेगळं खातं करा, फक्त लागतील तेवढेच अधिकार द्या. दर तासाला 'शेवटच्या वेळेनंतर बदललेलं' मागताना वेळ दहा मिनिटं मागे सरकवून मागा. उशिरा पोहोचलेल्या नोंदी नाहीतर फटीत पडतात. एकमेव क्रमांक असल्यामुळे दोनदा आलेलं बिघडवत नाही. सर्व्हरने ४२९ असं उत्तर दिलं तर तुम्ही फार वेगाने मागताय. तो सांगेल तितका वेळ थांबून पुन्हा मागा.

आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे तीन आकडे शेजारी ठेवा: नोंदींची संख्या, मुख्य मालाची बेरीज, शेवटच्या बदलाची वेळ. संख्या जुळते पण बेरीज नाही, तर कुणीतरी एका बाजूला हाताने दुरुस्ती केली आहे किंवा एकक चुकलं आहे. बेरीज दुप्पट, तर नोंदी दोनदा आल्या आहेत. दोन्ही जुळतं पण वेळ जुनी, तर सिंक बंद पडलं असण्याची शक्यता तपासा. फरक सापडला की आधी सिंक थांबवा, दोन्हीकडची प्रत काढून ठेवा आणि त्या आकड्याचा मालक असलेल्या बाजूलाच दुरुस्ती करा. दुसऱ्या बाजूला हाताने आकडा जुळवला तर तासाभरात पुढचं सिंक तो पुसून टाकेल आणि तीच तफावत पुन्हा समोर येईल.